बजेटची पक्की प्रत

चार रिटायर्ड मास्तर एकत्र बसले की विद्यार्थ्यांच्या आठवणी निघतात, असा लोकांचा समज आहे. आमच्यात तरी तसं होत नाही. आमच्यात बजेट निघतं. कोणत्या वर्षी ग्रँट किती महिने अडली, कोणत्या सेक्रेटरीनं कोणतं कलम कापलं, त्यात कोण घरी बसला. पोरांची नावं विसरतात राजेहो, कापलेलं कलम विसरत नाही! असे किस्से कोणी ठरवून जमवत नाही. दर फेब्रुवारीत शाळेचं बजेट होतं आणि दर फेब्रुवारीत एखादा किस्सा मागे राहतो. माझ्याकडे बऱ्याच फेब्रुवारींचे आहेत. हसण्यासारखे त्यात थोडे.

मी अकोल्याच्या एका खाजगी हायस्कुलात इंग्रजी आणि इतिहास शिकवत होतो. शाळेचं नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून आहेत. हेडमास्तर व्हायचं हे माझ्या डोक्यात पहिल्या वर्षापासून होतं. शिकवता मला बरं येत होतं. पण हेडमास्तराला शिकवता आलं नाही तरी चालतं, बजेट आलं पाहिजे, हे मला लवकर कळलं.

*

आमचे हेडमास्तर धर्माधिकारी सर. करडा कोट, मोजकं बोलणं. एकदा धीर करून मी त्यांना म्हणालो की मला शाळेचा कारभार शिकायचा आहे. त्यांनी शनिवारी दुपारी बोलावलं. मी नवी वही घेऊन गेलो. वाटलं, आता सर कपाट उघडून खातेवही काढतील. त्यांनी माझ्यापुढे खडूचा खोका ठेवला आणि सांगितलं, पुढच्या वर्षी खडू किती लागतील ते लिहून आणा.

मी आठ दिवस वर्गावर्गाच्या दाराशी उभा राहून कोण किती खडू वापरतो ते टिपलं. तक्ता केला. गणिताच्या मास्तरांकडून तपासून घेतला. इतकी मेहनत मी मास्तरकीच्या बी.टी.च्या परीक्षेलाही घेतली नव्हती.

सरांनी त्या तक्त्यातली एकच ओळ बघितली. चित्रकलेचे तायडे मास्तर एकटे तिघांइतके खडू संपवत होते, तेही रंगीत. सर म्हणाले, यांचे निम्मे करा. मी म्हणालो, पण सर, त्यांचं कामच फळ्यावर काढून दाखवण्याचं आहे.

"यांचेच का, ते शिका," सर म्हणाले. "भूगोलाचे कापले तर भूगोलवाले माझ्याशी भांडतील. तायडे भांडणार नाहीत. ते तात्पुरते आहेत."

हा माझा पहिला धडा. मी तो नव्या वहीत लिहून घेतला. पुढच्या वर्षी तायडे मास्तर पोरांना फळ्याजवळ उभं करून हवेत बोटानं चित्र काढून दाखवायचे आणि मगच खडू टेकवायचे.

*

तात्पुरते म्हणजे काय, ते सांगतो. तायडे मास्तर पातूरचे. ड्रॉइंगच्या सगळ्या परीक्षा पास, पगार महिना ऐंशी रुपये. दर वर्षी तीस एप्रिलला शाळा त्यांना मोकळं करायची आणि एक जुलैला नव्यानं नेमायची. मे-जूनचा पगार वाचायचा. नोकरी मोडलेली म्हणून प्रॉव्हिडंट फंड नाही, वाढ नाही. ते दोन महिने ते पातुरात दुकानांच्या पाट्या रंगवत. अशी त्यांची आमच्या शाळेत सहा वर्षं झाली होती, म्हणजे कागदावर सहा वेळा नवी नोकरी.

त्यांचं अक्षर मात्र असं होतं की छापखान्यानं खाली मान घालावी. त्यामुळे ऑफिसातल्या सगळ्या पक्क्या प्रती त्यांच्याकडेच. हेडमास्तरांनी कच्च्या कागदावर लिहायचं, खाली सही करून 'नक्कल करावी' असा शेरा मारायचा, आणि तायडे मास्तरांनी ते फूलस्केपवर उतरवायचं. आमचे हेडक्लार्क गावंडे बाबू त्यांना फूलस्केप मोजून देत. एखादं पान बिघडलं तर त्याचे पैसे नक्कल करणाराच्या पगारातून कापून घेत. त्यांचं म्हणणं, असे कागद माफ करत बसलो तर शाळा बुडेल.

तर सेवामुक्तीचे हुकूम या पक्क्या प्रतीतच येत. तायडे मास्तर आपलाच हुकूम स्वतःच्या हातानं काढायचे. 'आपली नेमणूक तात्पुरती असल्यामुळे आपणांस सेवामुक्त करण्यात येत आहे.' शाई वाळली की टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जायचे, तोच कागद गावंडे बाबूंच्या हातून घ्यायचे आणि पोचपावतीवर सही करायचे.

गावंडे बाबूंनी एकदा गमतीनं विचारलं की हे लिहिताना तुम्हाला काय वाटतं.

तायडे मास्तर जरा विचार करून म्हणाले, "डावीकडं जागा सारखी सोडा लागते जी. नाई तं समास बिघडते."

*

त्यांना एकदाच दुर्बुद्धी झाली. धर्माधिकारी सरांच्या कच्च्या बजेटात खर्चाची बेरीज वीस रुपयांनी चुकली होती. नक्कल करता करता तायडे मास्तरांना ती दिसली आणि त्यांनी पक्क्या प्रतीत बरोबर बेरीज लिहिली. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. चांगल्या मनानं केलं.

पण बजेटचा गोषवारा, म्हणजे आकड्यांचा थोडक्यातला कागद, आधीच अमरावतीला शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेला होता. त्यात चुकलेली बेरीज होती. मागून गेलेल्या बजेटात बरोबर. दोन कागद जुळेनात. खात्यानं लाल शाईत शेरा मारून सगळं परत पाठवलं आणि ग्रँट दोन महिने लांबली. दोन महिने शाळेत कोणाचा पगार झाला नाही. किराणा दुकानदारानं मला मागच्या दारानं यायला सांगितलं होतं, ते दिवस मला आठवतात.

आता ऐका. बेरीज चुकवली हेडमास्तरांनी. पण त्यांना कोणी शब्द बोललं नाही. सगळा स्टाफ तायडे मास्तरांवर उलटला, मीसुद्धा. मी त्यांच्याशी आठवडाभर बोललो नव्हतो, हे सांगायला आज लाज वाटते.

गावंडे बाबूंनी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं. "तुमाले अक्षरासाठी बलावलं व्हतं मास्तर, बेरजेसाठी नाई. सही झाली की आकडा देवाच्या बापाले बदलता येत नाई."

मग त्यांच्याकडून लिहून घेतलं : 'हेडमास्तरांची सही झाल्यावर मी कोणत्याही आकड्यात फरक करणार नाही व त्याविषयी बोलणार नाही.' हा कागद शाळेच्या दप्तरात अजून असेल. अक्षर सुरेख आहे.

*

नागपूरला दीक्षा झाली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. स्टाफची नवी नोंदवही आली. गावंडे बाबूंनी तायडे मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं की धर्माच्या रकान्यात जुनंच राहू द्या. त्यांचा धाकटा भाऊ आमच्याच शाळेत होता, जुन्या जातीवर त्याची फी माफ होती. कागदावर बौद्ध झाला की माफी गेली, तेव्हाचा नियम तसा होता. गावंडे बाबू वाईट माणूस नव्हते, भल्यासाठीच सांगत होते.

"बाबूजी, इथं आजवर सारं दुसऱ्याच्या मनाचं लिहलं," तायडे मास्तर म्हणाले. "एवढा एक रकाना माह्या मनानं लिहतो."

आणि त्यांनी तिथं बौद्ध लिहिलं. भावाच्या दाखल्यावरही तसंच करून घेतलं.

माफीच्या यादीतून त्या भावाचं नाव खोडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बजेट शिकत होतो. नाव खोडलं, फीच्या जमेत वर्षाची तेवढी रक्कम वाढवली. धर्माधिकारी सरांनी माझी पाठ थोपटली की ही वाढ तुमच्या बरोबर लक्षात आली. घरी येऊन मी बायकोला हे सांगितलं तेव्हा तिनं नुसतं ताट पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मी तायडे मास्तरांना गाठून शब्द दिला. म्हणालो, मी हेडमास्तर झालो तर माझ्या पहिल्या बजेटात तुमची जागा कायम असेल. ऐंशी रुपये, बारा महिने, फंडासकट. ते नुसतं "बरं जी" म्हणाले. पण मधल्या सुट्टीत त्यांनी मला पेरू आणून दिला, त्यावरून मला वाटलं की त्यांनी तो शब्द धरला.

*

शब्द पाळायची घाई मला हेडमास्तर होण्याआधीच झाली. एका वर्षी कच्चं बजेट मी केलं आणि 'इतर खर्च' या कलमात तायडे मास्तरांचा मे-जूनचा पगार गुपचूप घातला. एकशे साठ रुपये. धर्माधिकारी सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि सही केली. त्यांना कळलं होतं. त्या माणसानं दुसऱ्यासाठी केलेली ती एवढीच हयगय मला माहीत आहे.

मी आणि गावंडे बाबू बजेट घेऊन अमरावतीला गेलो. साहेबानं पानं उलटली आणि 'इतर खर्च'वर बोट ठेवून विचारलं, हे इतर म्हणजे काय. गावंडे बाबू तोंड उघडणार, एवढ्यात मी सांगून टाकलं. तात्पुरत्या शिक्षकाचा सुटीतला पगार आहे, माणूस गुणी आहे, आठ-नऊ वर्षं काम करतो आहे. मला वाटलं साहेब शिक्षणखात्याचा आहे, त्याला शिक्षकाची कदर असेल.

साहेबानं शांतपणे लाल रेघ मारली. तात्पुरत्याला सुटीचा पगार नसतो, म्हणाला.

परतताना बडनेऱ्याला गाडीची वाट बघत बसलो. गावंडे बाबूंनी पिशवीचा बंद नीट बांधला. मग म्हणाले, "म्या इतर म्हंजे झाडू, माठ अन् पाल्याचा मांडव सांगनार व्हतो. सर, खरं बोलाचं असीन तं मास्तरच राहा."

*

धर्माधिकारी सर रिटायर झाले. निरोपाच्या शालीचे पैसे खडूच्या कलमातून काढले, ते त्यांनीच सुचवलं. कार्यक्रमानंतर त्यांनी मला ऑफिसात नेऊन किल्ल्या दिल्या आणि जाता जाता गावंडे बाबूंना आपल्या प्रॉव्हिडंट फंडाचं विचारलं.

गावंडे बाबूंनी वही काढली. सरांच्या पगारातून कापलेला भाग होता. संस्थेनं तेवढाच घालायचा असतो, तो गेल्या कित्येक वर्षांचा नव्हताच.

सर म्हणाले, असं कसं.

गावंडे बाबू खाली बघून म्हणाले, "दरसाल तोंडमिळवणी होत नोती, तवा तुमीच ते कलम कापाचे सर. पुढच्या साली भरू म्हनून."

सरांनी वही मागून घेतली, उभ्यानंच पानं चाळली. प्रत्येक पानावर त्यांचीच सही होती. वही मिटून त्यांनी जागेवर ठेवली, शाल नीट घडी केली आणि घरी गेले. पुढे त्या शाळेच्या रस्त्यावर ते कोणाला दिसले नाहीत.

*

आता शेवटचं. हे मी मित्रांतही फार वेळा सांगितलेलं नाही.

मला हेडमास्तर केलं, पण एक वर्षाच्या परीक्षेवर. काम पसंत पडलं तर जूनमध्ये कायम. संस्थेचे सेक्रेटरी एक वकीलसाहेब होते. कापसाच्या बाजारात गाडीमागे जो धर्मादाय कापला जायचा, त्यातून ते आमच्या शाळेला थोडी रक्कम मिळवून देत. त्या वर्षी वेचणीच्या तोंडावर पाऊस आला, कापूस भिजला, बाजारात गाड्याच कमी आल्या. वकीलसाहेबांनी मला बंगल्यावर बोलावून सांगितलं की या साली धर्मादायाची आशा धरू नका, आणि तुटीचं बजेट माझ्यापुढे आणू नका.

मी कच्चं बजेट मांडलं. पहिल्यांदा तायडे मास्तरांची कायम जागा लिहिली, नऊशे साठ रुपये. मग बाकीचं. तूट आली साडेनऊशेची. चार दिवस मी आकडे इकडचे तिकडे करत होतो. वाचनालय काढलं, ते आधीच नावाला होतं. घंटेची दुरुस्ती काढली. प्रयोगशाळेतल्या काचा काढल्या. एवढं करून फुटकळ खर्च नव्यानं निघाले आणि तूट पुन्हा साडेनऊशेलाच येऊन थांबली.

वकीलसाहेब म्हणाले, "चित्रं काढून कोनी मॅट्रिक होते काय? हिसाब समजला असीन तं कापा. नसीन समजला तं दुसरा हेडमास्तर पाहू."

मी कापलं. तात्पुरतीसुद्धा ठेवली नाही, चित्रकलेची जागाच कापली. सही केली, 'नक्कल करावी' असा शेरा मारला. आणि मग माझी हिंमत झाली नाही. तायडे मास्तरांना समोर बसवून सांगायला हवं होतं, तो माझा धर्म होता. मी तो कागद नेहमीसारखा गावंडे बाबूंच्या हाती त्यांच्याकडे पाठवला. नक्कल करताना त्यांना कळेल, म्हटलं. कळलंच. तिसऱ्या दिवशी पक्की प्रत माझ्या टेबलावर होती. एक खाडाखोड नाही. ती कमिटीत गेली, अमरावतीला गेली, सगळीकडे मंजूर झाली. सगळ्यांनी शेवटची ओळ तेवढी बघितली.

तीस एप्रिलला त्यांनी आपला हुकूम काढला, पोचपावतीवर सही केली, भावाचा दाखला घेतला आणि पातूरला गेले.

मे महिन्यात शाळेत मी एकटाच होतो. उन्हानं पत्रा वाजत होता. नव्या वर्षाच्या खात्यांसाठी मी बजेटची पक्की प्रत उघडली. जमेची बाजू दोन पानांत होती. पहिल्या पानाच्या तळाशी बेरीज होती अकरा हजार सहाशे चाळीस. पान उलटलं. दुसऱ्या पानाच्या माथ्यावर, 'मागील पानावरून' या शब्दांपुढे होतं दहा हजार सहाशे चाळीस.

मी कच्चा कागद शोधून काढला. तिथंही तेच. चूक माझी होती. पान उलटताना हजार रुपये माझ्या हातून गळाले होते. तूट नव्हतीच. तायडे मास्तरांचा वर्षाचा पगार देऊन वर पन्नास रुपये उरत होते.

सुधारलेलं बजेट पाठवता आलं असतं. एक अर्ज, एक फूलस्केप. पण पहिल्याच बजेटात हजाराची चूक करणाऱ्या माणसाला जूनमध्ये कोण कायम करणार? मी भ्यालो. दुसरा शब्द नाही. जूनमध्ये मला कायम केलं. तो हजार रुपयांचा शिल्लक आकडा मी पुढच्या मार्चअखेरीस 'अनपेक्षित जमा' म्हणून दाखवला आणि वकीलसाहेबांनी कमिटीत माझं अभिनंदन केलं. 

तीन वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी पातूरला जावं लागलं. स्टँडवर उतरलो तर समोर एका कापड दुकानाच्या फळीवर शिडी लावून तायडे मास्तर पाटी रंगवत होते. केस पिकले होते. मला बघून लगबगीनं खाली उतरले, हात पुसले, भाऊ विहिरींच्या कामावर मुकादम आहे म्हणाले. चहा मागवला. त्यांनी इतक्या साधेपणानं विचारपूस केली की माझ्यानं राहवेना. मी सांगून टाकलं. म्हणालो, मास्तर, त्या वर्षीच्या बजेटात माझी बेरीज चुकली होती. तुमची जागा बसत होती.

ते कपातला चहा बशीत ओतत होते. ओतून झाल्यावर म्हणाले, "ठावूक हाय जी. हजाराची."

मी कप खाली ठेवला. मग विचारलं, कधी कळलं.

"नक्कल करताच दिसली. दोनी आकडे एकामागं एकच लिहा लागतात ना."

"मग मास्तर, मला सांगितलं काहून नाही?"

"सही झाली व्हती जी तुमची."

त्यांनी चहा संपवला, बशी कपाखाली नीट ठेवली. शिडीकडे जाता जाता एखादी राहून गेलेली गोष्ट आठवावी तसे थांबले.

"पह्यल्या बारीले हातातून बरोबरच आकडा पडला व्हता सर. मंग ते पान फाडलं, अन् पुन्हा लिहलं, तुमी लिहल्यासारखं. पन तो कागद माह्या पैशाचा घेतला जी. शाळेचा नाई."